दार्जिलिंगचा सुट्या पानांचा चहा घरी कसा करावा?

प्रश्न:
दार्जिलिंगहून आलेल्या आत्याने फर्स्ट फ्लश, म्हणजे वसंतातल्या पहिल्या खुडणीचा चहा आणून दिला आहे. आमच्याकडे पाणी, साखर, आले आणि चहापूड एकत्र उकळून वर दूध घालण्याची पद्धत असल्याने हा नाजूक चहा कसा करावा, याची घरात कोणालाच नीट कल्पना नाही. उकळत्या पाण्यात पाने टाकून झाकण ठेवले, तर रंग फिकट पिवळसरच येतो. रंग चढावा म्हणून अधिक वेळ ठेवले, तर सुगंध जाऊन तुरटपणा तेवढा उरतो. पानेही हिरवट दिसतात, त्यामुळे हा मुळात ग्रीन टी तर नाही ना, अशी शंका येते. आम्ही पुण्यात राहतो आणि स्वयंपाकाला बोअरचे पाणी वापरतो. प्रमाण, तापमान आणि वेळ यांविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
आपला चहा बहुधा अगदी योग्य होत आहे; त्याच्याकडून गडद रंगाची अपेक्षा मात्र सोडावी लागेल. आपली रोजची चहापूड सीटीसी पद्धतीची असते. त्यात पाने यंत्राच्या दातेरी रुळांमध्ये चिरडून, फाडून त्यांचे दाणे वळले जातात, म्हणून रंग आणि कडकपणा लगेच उतरतो. फर्स्ट फ्लशची पाने खुडल्यावर बरीच सुकवली जातात आणि त्यांचे ऑक्सिडीकरण अपुरे राहते. हिरवट छटा त्यामुळेच दिसते. ग्रीन टीमध्ये ही क्रिया उष्णता देऊन सुरुवातीलाच थांबवतात, तसे येथे केलेले नसते.

दीडशे मिलिलिटर पाण्याला सुमारे दोन ग्रॅम पाने घ्यावीत. ती वजनावरच मोजावीत, कारण अखंड पाने जागा फार व्यापतात आणि चमच्याचा अंदाज हमखास चुकतो. पाणी ८५ ते ९० अंशांवर असावे, आणि तीन मिनिटांनी सगळा चहा एकदम गाळून घ्यावा. चव अधिक ठळक हवी असेल, तर वेळ न वाढवता पाने वाढवावीत, कारण तुरटपणा देणारी द्रव्ये वेळेबरोबर अधिकाधिक उतरत जातात.

आयएसओ ३१०३ या मानकात शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम पाने, उकळते पाणी आणि सहा मिनिटे असे प्रमाण दिलेले आहे. ते चहाच्या नमुन्यांची तुलना करण्यासाठी आहे, घरी आनंदाने पिण्यासाठी नव्हे. दार्जिलिंग शहर सुमारे दोन हजार मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते, पुण्यात मात्र ९८ अंशांच्या आसपास. म्हणून आधण आल्यावर आच बंद करून, झाकण काढून, दोन-तीन मिनिटे थांबणे इष्ट.

प्रतिसाद २:
वरील सर्व सूचना मान्य आहेत, परंतु मला खरी शंका बोअरच्या पाण्याची आहे. क्षारयुक्त पाण्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांमुळे चहावर तवंग येतो, रंग मळकट होतो आणि नाजूक सुगंध दबतो. या पानांसाठी नळाचे गाळलेले पाणी वापरून पाहावे. निव्वळ आरओचे पाणीही मला पसंत नाही, कारण क्षार जवळजवळ नसले तरी चव सपाट लागते. दोन्ही पाणी मिसळून आपल्या जिभेला रुचेल ते प्रमाण ठरवावे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. किटली नाही, जाळीचा छोटा गोळा मात्र आहे. तो चालेल का? आणि आईसाठी थोडे दूध घातले तर?

प्रतिसाद ३:
गोळ्यात पाने दाटीने बसतात आणि पूर्ण उलगडत नाहीत, त्यामुळे तो टाळावा. झाकणाचे स्टीलचे पातेले आणि बारीक गाळणी पुरेशी आहे. दुधातील केसीन हे प्रथिन चहातील टॅनिनला बांधून घेते. कडक आसाम चहात ते सुखद वाटते, फर्स्ट फ्लशमध्ये मात्र चवीचा मागमूसही राहत नाही. आईंना दुधाचाच चहा प्रिय असेल, तर त्यांच्यासाठी आसामची सीटीसी पूड वेगळी उकळावी. गाळलेली पाने टाकून देऊ नयेत. लगेच पुन्हा पाणी ओतून चार-पाच मिनिटे ठेवल्यास दुसरा, सौम्य पेला मिळतो. उरलेला चहा हवाबंद, अपारदर्शक डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवावा आणि शक्यतो काही महिन्यांतच संपवावा.