मदत हवी आहे: हर्नियाचं ऑपरेशन आणि नर्सरी, एकाच महिन्यात
लेक सव्वातीन वर्षांचा आहे. रडला की उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा येतो, झोपला की जातो. सर्जन म्हणाले, हर्निया आहे, आपोआप बरा होणार नाही, आतडं अडकलं तर धावपळ होईल, लांबवू नका. तारीख मिळाली जूनच्या शेवटच्या आठवड्यातली. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. आणि नर्सरी जूनच्या मध्यावर सुरू! म्हणजे रडून रडून जेमतेम रुळेल, तोवर सुट्टी.

आधी सहा तास दूध-खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल म्हणाले. हा पठ्ठ्या डोळे उघडायच्या आत 'दुदू' मागतो. त्या सकाळी तुम्ही काय केलंत?

सासूबाई म्हणतात, काही सांगूच नका, 'भूर जाऊ' म्हणून न्या. मला नाही पटत. उद्या शाळेच्या दारात 'येते हं घ्यायला' म्हटलं तर तो विश्वास ठेवेल का? पण सांगायचं तर किती दिवस आधी? सध्या टेडीला पट्टी बांधून डॉक्टर-डॉक्टर खेळतो. परवा म्हणाला, "टेडीला बाऊ झालाय, तो शाळेत नाही जाणार." घ्या!

नर्सरी जुलैतच सुरू करू का? कुणी यातून गेलंय?