काकांच्या डब्यातली अमेरिकन ५ सेंटची नाणी, किंमत कशी कळेल?

सातपूरकर:
नमस्कार मंडळी. माझे थोरले काका मर्चंट नेव्हीत होते, ते गेल्यावर काकूने त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा मला दिला, त्यात चाळीसेक अमेरिकन नाणी निघाली, बहुतेक सगळी ५ सेंटची, पुढे जेफरसन आणि मागे घुमटाचं घर, वर्षं १९४० ते १९६४. सराफ बाजारात एका दुकानात दाखवली तर म्हणे निकेल आहे, कोण घेणार. पण चार-पाच नाणी बाकीच्यांपेक्षा काळपट आहेत, त्यातलं १९४३ चं मी चिंचेने घासलं तर चकचकीत झालं. १९४४ च्या एकावर टांकसाळीचं अक्षरच नाही. आणि एक १९५० डी (डी हे टांकसाळीचं अक्षर) आहे, नेटवर त्याला दुर्मिळ म्हणतात. विकायची घाई नाही, काकूला खरं काय ते सांगायचंय.

नाणेवेडा_पंचवटी:
दादा, आधी घासणं थांबवा! चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काहीच नको. वरचा थर एकदा गेला की गेला, भिंगाखाली ते लगेच दिसतं आणि संग्राहक हात लावत नाही.
आता काळपट नाण्यांचं. महायुद्धात निकेल लष्कराला हवं होतं म्हणून ऑक्टोबर १९४२ पासून १९४५ संपेपर्यंत या नाण्यात निकेल घातलंच नाही, ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी, ९ टक्के मँगनीज. चांदी आहे हो त्यात! वजन ५ ग्रॅम, म्हणजे नाण्यामागे पावणेदोन ग्रॅम चांदी, त्या दिवसाच्या भावाने गुणा. फक्त सराफ तेवढे देणार नाही, या मिश्रणातून चांदी वेगळी काढणं कटकटीचं असतं. ओळख म्हणजे मागच्या बाजूला घुमटाच्या वर मोठं पी, डी किंवा एस, म्हणजे फिलाडेल्फिया, डेन्व्हर किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं अक्षर. १९४२ ची दोन्ही प्रकारची निघाली, तिथे नुसत्या वर्षावर जाऊ नका.

गोदाकाठ:
१९५० डी डेन्व्हरला फक्त २६ लाख ३० हजार पाडली, या जेफरसनच्या नाण्यांच्या मालिकेत सगळ्यात कमी. पण ते तेव्हाच लोकांना कळलं आणि त्यांनी कोऱ्या नाण्यांचे कागदात गुंडाळलेले रोलच्या रोल दाबून ठेवले, त्यामुळे कोरी नाणी आजही मिळतात आणि भाव बेताचाच. कमी पाडलं म्हणजे महाग असं नसतं, किती टिकलं ते बघायचं. कोऱ्या नाण्यात घराच्या पायऱ्या मोजा, पाच किंवा सहा अख्ख्या सुटसुटीत दिसल्या तर खरी किंमत तिथे आहे.
१९४४ चं मात्र जपून ठेवा. त्या वर्षीच्या खऱ्या प्रत्येक नाण्यावर घुमटावर अक्षर आहेच. न्यू जर्सीच्या हेनिंग नावाच्या माणसाने १९५४ च्या सुमारास खोटी ५ सेंटची नाणी पाडली, त्यात १९४४ वर अक्षर टाकायचंच विसरला आणि पकडला गेला. वजन करून बघा, त्याची ५ ग्रॅमपेक्षा जड भरतात.

सातपूरकर:
काट्यावर ठेवलं, बरोबर ५.०. मग उन्हात भिंगाने पाहिलं, घुमटावर मळाखाली एस आहे! मी घराच्या उजव्या बाजूला शोधत होतो, बाकीच्यांवर तिथेच बारीक अक्षर आहे ना.

नाणेवेडा_पंचवटी:
सॅन फ्रान्सिस्कोचं, चांदीचं. मळ तसाच राहू द्या. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात घाला, पीव्हीसीचं प्लास्टिक नको, त्याने हिरवट चिकटा धरतो. आणि सवड काढून काकूंना घेऊन नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत जाऊन या, त्र्यंबक रोडलाच आहे, तिथली नाणी आपल्याकडची पण नाणं कसं बघायचं ते डोळ्याला कळतं.

सातपूरकर:
काकू म्हणतेय काका सॅन फ्रान्सिस्कोला दोनदा गेले होते. एस वालं तिच्याकडेच ठेवतो.