मदत हवी आहे: नवे पाळक, नवी पद्धत आणि रुसलेली मंडळी
सर्वांना सलाम. मी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीवर आहे, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खायच्या जागी. नवे पाळक (पास्टर) आले आणि तीन महिन्यांत उपासनेची वेळ बदलली, गीतपुस्तकाऐवजी पडद्यावर शब्द आले, पेटीच्या जोडीला गिटार. तरुण खूश. गेल्या रविवारी मात्र पुढच्या बाकावरच्या आजी जुनं गीतपुस्तक मांडीवर उघडून बसल्या होत्या, चष्मा न लावताच. गीतं त्यांना पाठ आहेत, पुस्तक नुसतं हाताशी हवं होतं.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी सात जण निवडायचं काम मंडळीवरच सोपवलं, आणि सातही नावं ग्रीक! आम्ही आधी ठरवलं आणि मग सूचना वाचून दाखवली. चूक आमचीच.

आता बदल मागे न घेता ज्येष्ठांना सामावून कसं घ्यायचं? घरोघरी भेटी की एकच बैठक? (बैठकीत नेहमीचेच चौघं बोलतात.) कोणी यातून गेलं असेल तर काय जमलं आणि काय अंगाशी आलं, दोन्ही सांगा.