मदत हवी आहे: वय ३७, परत कॉलेजात आलेय, सोरॉरिटी जॉइन करू का?

शेवंती
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी ह्यूस्टनजवळ राहते, एक मुलगा आहे तिसरीत. नाशिकला एसवाय बीकॉमला असताना लग्न झालं आणि शिक्षण तिथंच राहिलं, इकडे आल्यावर आज करू उद्या करू करत दहा वर्षं गेली, शेवटी मुलगा शाळेत जायला लागल्यावर कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं आणि या फॉलला युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर झालेय. अकाउंटिंग, फुलटाइम.

अभ्यासाचं ठीक चाललंय हो. पण दोन लेक्चरांच्या मध्ये अडीच तासांची गॅप असते तेव्हा मी पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खाते. घरी सांगताना भाजीचा वास येतो म्हणून असं सांगते, खरं कारण म्हणजे तिथं एकटं बसायची लाज वाटते.

तर मागच्या आठवड्यात स्टुडंट सेंटरसमोर सगळ्या क्लबांची टेबलं लागली होती. एका टेबलाशी चार-पाच देसी मुली, जॅकेटवर ही मोठी ग्रीक अक्षरं, म्हणजे सोरॉरिटीवाल्या (कॉलेजातल्या मुलींची मंडळं, नावं ग्रीक अक्षरांची), खिदळत होत्या नुसत्या. मी रेंगाळले जरा. एकीने गोड हसून हातात पेन आणि स्टिकर ठेवला आणि विचारलं, "आंटी, तुमची मुलगी फ्रेशमन आहे का?" म्हणजे पहिल्या वर्षाला. आणि मी हो म्हटलं!! का म्हटलं देव जाणे. पेन अजून पर्समध्ये आहे.

नवरा म्हणतो तुला ते फाय थीटा कप्पा मिळालंय ना, मग आता हे दुसरं कशाला. त्याला समजावून थकले की ती टू-इयर कॉलेजवाल्यांची ऑनर सोसायटी आहे, मार्क चांगले म्हणून बोलावतात, तिथं डबा खायला कोणी सोबत बसत नाही. वयाची अट असते का? घेतात का खरंच? की हसं होईल? स्पष्ट सांगा.

गवती_चहा
वयाची अट नसते. ज्या मोठ्या जुन्या सोरॉरिट्या आहेत ना, घरंबिरं असलेल्या, त्यांची नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स आहे १९०२ पासूनची, २६ सोरॉरिट्या आहेत त्यात. तिथं तुम्ही रीतसर नाव असलेली अंडरग्रॅड बाई असलात आणि आधी त्यांच्यापैकी कुठे इनिशिएट झालेल्या, म्हणजे पक्क्या मेंबर, नसलात की रिक्रूटमेंटला, म्हणजे मेंबर निवडीला, उभं राहता येतं. पण कागदावर अट नाही म्हणजे बोलावतील असं नाही, शेवटी त्या मुलीच ठरवतात कोणाला बिड (मेंबर होण्याचं आमंत्रण) द्यायची ते. चार-पाच दिवस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊन तीच ती हसरी बोलणी करायची, मला विशीतसुद्धा झेपलं नव्हतं. बऱ्याच कॅम्पसवर ते ऑगस्टमध्येच उरकतं, त्यामुळे तुमचं हुकलं असेल, तरी ज्यांच्याकडे जागा उरतात त्या वर्षभर घेत असतात, त्याला कंटिन्युअस ओपन बिडिंग म्हणतात, ते विचारा. ड्यूज (मेंबरशिपची फी) किती हेही पहिल्याच दिवशी विचारा, लाजू नका.

तर्री_जास्त
ताई, अकाउंटिंग करताय तर प्रोफेशनल फ्रॅटर्निटी बघा की, एकाच व्यवसायाकडे जाणाऱ्यांचं मंडळ. अल्फा कप्पा साय, डेल्टा सिग्मा पाय, दोन्ही बिझनेसवाल्या, शंभर वर्षांहून जुन्या, नाव फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांचं मंडळ, पण मुलं-मुली दोन्ही असतात. मी तिशीत घुसलो होतो एकीत. रेझ्युमे, मॉक इंटरव्ह्यू वगैरे असतं, म्हणून वयाने मोठा माणूस तिथं उलट उपयोगी वाटतो, माझ्याकडून सगळे टाय बांधून घ्यायचे. (हसं झालं का? झालं. नंतर त्यांना सवय झाली. दिवा घ्या.)

खडीसाखर
वरच्या दोघांना अनुमोदन, पण शेवंतीताईंना टाय बांधायचे नाहीयेत, सोबत हवीय.

मी देसी सोरॉरिटीत होते म्हणून आतलं सांगते. या तशा नव्याच, कप्पा फाय गॅमा ऑस्टिनची आणि डेल्टा फाय ओमेगा तुमच्याच ह्यूस्टनची, दोन्ही १९९८ च्या. चॅप्टर, म्हणजे एकेका कॉलेजातल्या शाखा, छोटे असतात, आमच्यात तर अकराच जणी होतो, त्यामुळे कोपऱ्यात कोणी राहत नाही. पण नवीन मेंबरचे आठ-दहा आठवडे वेळ खातात, इतिहास पाठ करा, रात्री दहाला स्टेपची (पाय आपटत, टाळ्या वाजवत करायचा नाच) प्रॅक्टिस. आणि प्रत्येक नवीन मुलीला एक 'बिग' मिळते, म्हणजे तुमची थोरली बहीण वीस वर्षांची असणार आणि ती तुम्हाला जेवलीस का विचारणार, हे चालणार असेल तरच जा. रात्री अपरात्री बोलावून काही भलतंसलतं करायला लावलं तर सरळ उठून घरी या, हेझिंग टेक्ससमध्ये गुन्हा आहे.

आणि एक अगदी महत्त्वाचं. तिथल्या निम्म्या मुली एकवीसच्या आतल्या. कधीतरी कोणीतरी लाडात येऊन म्हणेलच, दीदी येताना वाइन आण ना. आणायची नाही. टेक्ससमध्ये एकवीसच्या आतल्याला दारू पुरवली तर वर्षभरापर्यंत तुरुंग आणि चार हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तुम्ही व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर ते लफडं वेगळंच. आमच्या चॅप्टरमध्ये एक २९ वर्षांची होती, तिने पहिल्याच मीटिंगला सांगून टाकलं, मी गाडीने घरी सोडेन, बाटली आणणार नाही. तिला सगळ्या मानायच्या.

शेवंती
बाप रे, वाइनचं डोक्यातच आलं नव्हतं. ग्रीन कार्डच आहे, नवऱ्याला वाचून दाखवलं. आणि १९९८ ला मी चौथीच्या स्कॉलरशिपला बसले होते हो, यांच्या सोरॉरिट्या माझ्यापेक्षा लहान! रात्री दहाची प्रॅक्टिस मात्र अवघड आहे, मुलगा साडेनऊला झोपतो, मग नवरा असतो घरी, बघू. टाय नको.

गवती_चहा
आधी त्या पोरीला खरं सांगून या.

शेवंती
अपडेट देते. आज गेले परत, तीच होती टेबलावर. म्हटलं अगं ती फ्रेशमन मुलगी नाहीचे, मीच आहे, आणि ज्युनिअरला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, आहे. तिला आधी कळेचना, मग "ओ माय गॉड आंटी" म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवून सॉरी सॉरी. मग तिने फॉर्म दिला आणि मी तिच्याच पेनाने भरला. वयाची ओळ नव्हतीच फॉर्मवर, मी उगाच शोधत होते. ड्यूज विचारले, हप्त्याने देता येतात म्हणाली.

गुरुवारी सात वाजता इन्फो नाइट आहे. बिझनेस कॅज्युअल लिहिलंय. माझ्याकडे ब्लेझर नाहीये, कुर्ता चालेल का?

तर्री_जास्त
धावेल.