मदत हवी आहे: ॲपला कुलूप असूनही माझे मेसेज घरात कुणीतरी वाचतंय

मंडळी, लिहू की नको असं करता करता आज लिहितेच आहे.

गेले काही महिने माझी मनःस्थिती बरी नाही. समुपदेशकांकडे जाते आहे. घरात अजून सांगितलेलं नाही. सांगेन, पण माझ्या वेळेने. या सगळ्याबद्दल मी एकाच मैत्रिणीशी बोलते, तेही व्हॉट्सॲपवर लिहून. घरात फोनवर मोकळेपणी बोलता येत नाही.

परवा रात्री तिला लिहिलं होतं, "विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं वाटतंय. वर गोल आभाळ दिसतं, पण हात पोचत नाही." दुसऱ्या दिवशी जेवताना घरातलीच एक व्यक्ती म्हणाली, "बाहेर ये की आता विहिरीतून." घास हातातच राहिला. विहीर हा शब्द मी घरात कुणासमोर उच्चारलेला नाही. मैत्रिणीला लगेच विचारलं. तिने कुणाला सांगितलेलं नाही, तिचा फोनही कुणाच्या हातात गेलेला नाही. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आता फोनबद्दल. अँड्रॉइड आहे, फार जुना नाही. त्याला पिन आहे, बोटाचा ठसा आहे. व्हॉट्सॲपला वेगळं फिंगरप्रिंट लॉकही लावलंय. मैत्रिणीचे मेसेज वाचून झाले की मी बहुतेक वेळा पुसून टाकते. फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो आणि संध्याकाळी अर्धा-पाऊण तास लेकाच्या हातात असतो, खेळायला.

मला कळत नाहीये ते हे: कुलूप असताना आत कोण कसं जातं? व्हॉट्सॲप तर म्हणतं की मेसेज दोघांशिवाय कुणाला वाचता येत नाहीत. मग कुणीतरी हॅक केलंय का? ॲपच बदलू का? की फोन पूर्ण रीसेट करू?

एक विनंती. "घरच्यांपासून लपवायचंच कशाला" असा सल्ला कृपया देऊ नका. आजारपणाबद्दल कुणाला कधी सांगायचं हे ठरवण्याचा हक्क मला हवा आहे, एवढंच.

निळी शाई
ताई, आधी एक सांगते. तुम्हाला भास होत नाहीयेत. तोच शब्द दुसऱ्या दिवशी कानावर आला म्हणजे कुठेतरी फट आहे, आणि ती सापडते.

हॅक वगैरे तूर्त डोक्यातून काढा. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे तुमच्या फोनमधून निघालेला मेसेज मैत्रिणीच्या फोनपर्यंत पोचेतो वाटेत कुणाला वाचता येत नाही. पण हे संरक्षण वाटेपुरतं. दोन्ही टोकांना मेसेज उघडाच असतो. ज्याच्या हातात उघडा फोन, तो वाचू शकतो. म्हणून फट शोधायची ती घरात, फोनच्या आसपास.

पहिलं बघा, व्हॉट्सॲपच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत "लिंक्ड डिव्हाइसेस". तुमचा फोन ज्याला स्वतः उघडता येतो, ते कुणीही मिनिटभरात त्यावरून आपल्या लॅपटॉपवरचा क्यूआर कोड स्कॅन करू शकतं. फोनशिवाय अशी चार उपकरणं जोडता येतात आणि नंतर तुमचा फोन बंद असला तरी तिथे मेसेज येत राहतात. प्रत्येकापुढे शेवटचं कधी वापरलं ती वेळ दिसते. अनोळखी काही दिसलं तर त्यावर टिचकी मारून लॉग आउट करा. त्याआधी त्या पानाचा फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर काढून ठेवा.

दुसरं, फिंगरप्रिंट लॉकच्याच पानावर वेळ असते: लगेच, १ मिनिटाने, ३० मिनिटांनी. तुमच्याकडे काय निवडलंय?

उंबरठा
त्याच पानावर "नोटिफिकेशनमध्ये मजकूर दाखवा" असं बटण आहे, ते बंद करा. ॲपला कितीही कुलपं लावा, मेसेज आला की स्क्रीनवर वरून पट्टी उतरते आणि पहिली ओळ सगळ्यांना दिसते. बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेल्या फोनवर तर जाता येता दिसते.

आणखी एक जागा आहे, ती फार कुणाला माहीत नसते. अँड्रॉइड ११ पासून फोनच्या सेटिंग्जमध्ये "नोटिफिकेशन हिस्ट्री" आहे. ती चालू असेल तर गेल्या २४ तासांत आलेल्या पट्ट्या तिथे साठतात. तुम्ही मेसेज पुसला तरी पट्टीतला मजकूर तिथे राहतो. माझ्या फोनवर हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात गार पडले होते. स्मार्टवॉच कुठलं जोडलेलं आहे का तेही बघा. जुनं घड्याळ घरात दुसऱ्याला दिलेलं असतं आणि जोडणी तशीच राहते.

पण ताई, विहिरीचं वाक्य तुम्ही लिहिलेलं होतं, आलेलं नव्हतं. आपण लिहिलेल्याची पट्टी येत नाही. मैत्रिणीने उत्तरात तो शब्द पुन्हा लिहिला होता का?

दूरचा प्रवासी
टेलिग्रामवर जा सरळ. कुणाच्या लक्षात येणार नाही.

निळी शाई
प्रवासी, यात गफलत होते म्हणून थांबवते आहे. टेलिग्राममधले साधे चॅट एंड-टू-एंड नसतात, ते त्यांच्या सर्व्हरवर राहतात. "सिक्रेट चॅट" मुद्दाम वेगळं सुरू करावं लागतं. सिग्नल चांगलं आहे, तिथे सगळंच एंड-टू-एंड आहे. पण फट फोनमध्ये असेल तर ॲप बदलून काय होणार? ज्याला हे ॲप उघडता येतं त्याला तेही येईल. शिवाय फोनवर अचानक नवं ॲप दिसणं हाही प्रश्नाला आमंत्रण देण्याचाच प्रकार. आधी कारण सापडू दे.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता बसून बघितलं.

लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये एकच नोंद आहे, माझा ऑफिसचा संगणक. वेळही जुळते. लॉकची वेळ ३० मिनिटं निघाली! मीच कधीतरी निवडली असणार, सारखं बोट लावायचा कंटाळा म्हणून. म्हणजे मेसेज करून मी फोन लेकाला दिला की अर्धा तास दार सताड उघडंच होतं. "लगेच" केलं. पट्टीतला मजकूर बंद केला. नोटिफिकेशन हिस्ट्री आधीपासून बंद होती. घड्याळ कुठलंच नाही.

पण उंबरठा म्हणतात ते खरं आहे. मैत्रिणीने उत्तरात विहीर हा शब्द वापरलेला नव्हता, तिने फक्त "मी आहे" एवढंच लिहिलं होतं. आणि तो मेसेज रात्री साडेअकराचा. त्यानंतर फोन चार्जिंगला लावला आणि मी झोपले. लेक कधीचा झोपला होता. तीस मिनिटांत कुणी उचलला असेल असंही म्हणता येईल, पण त्या आधी फोनचं स्वतःचं लॉक आहे ना? ते कसं उघडलं?

पाऊलखूण
ताई, फोनच्या सेटिंग्जमध्ये, सिक्युरिटीच्या आत, बोटांच्या ठशांची यादी आहे. तिथे किती बोटं आहेत?

विचारतोय कारण ॲपचं लॉक वेगळं वाटलं तरी ते वेगळे ठसे ठेवत नाही, फोनमध्ये नोंदलेलं कुठलंही बोट त्याला चालतं. तुमच्या फोनमध्ये दुसऱ्या कुणाचं बोट असेल तर ते तुमच्या दोन्ही कुलपांची किल्ली आहे. यादीत नाव नसतं, नुसतं "फिंगर १, फिंगर २" असतं. पण बऱ्याच फोनमध्ये त्या पानावर असताना सेन्सरवर बोट ठेवलं की ज्या नोंदीशी ते जुळतं ती उजळते. एकेक बोट ठेवून बघा.

धागाकर्ती
तीन आहेत.

उजवा अंगठा ठेवला, पहिली ओळ उजळली. उजवी तर्जनी, दुसरी. मग उरलेली आठही बोटं एकेक करून ठेवली. तिसरी ओळ काही उजळली नाही.

आता आठवलं. फोन नवा आला तेव्हा सगळं लावून त्याच व्यक्तीने दिलं होतं. "माझंही बोट घालून ठेवतो, वेळेला उपयोगी पडेल," असं म्हणाल्याचं स्पष्ट आठवतंय. मीच हो म्हटलं होतं. पिनही तेव्हाच ठरलेला, तो मी आजवर बदललेला नाही.

इतके दिवस मी मैत्रिणीवर, स्वतःच्या स्मरणशक्तीवर, सगळ्यावर शंका घेऊन झाले. काढून टाकू ना लगेच?

सायंतारा
ताई, थोडं थांबा आणि एका गोष्टीचं उत्तर स्वतःशीच द्या, इथे लिहायची गरज नाही. त्या व्यक्तीची तुम्हाला भीती वाटते का? उद्या बोट चाललं नाही म्हणून आरडाओरडा, फोन हिसकावणं, त्याहून वाईट काही होईल असं वाटतं का?

तसं असेल तर आज काहीही काढू नका. हा फोन उघडाच आहे असं धरून चाला, नाजूक बोलणं दुसऱ्या सुरक्षित फोनवरून किंवा प्रत्यक्ष भेटून करा, आणि समुपदेशकांना पुढच्या भेटीत हे सगळं सांगा. अशा परिस्थितीत पुढचं पाऊल कसं टाकायचं हे त्यांच्याशी बोलूनच ठरवलेलं बरं. मी हे अनुभवातून सांगते आहे. कुलूप बदललं की समोरच्याला कळतं, आणि ते कळेल तेव्हा आपण एकट्या असता कामा नये.

धागाकर्ती
सायंतारा, तुम्ही हे विचारलंत त्याबद्दल खूप खूप आभार. नाही, तशी भीती नाही. काळजीपोटी डोकावणं आहे, हे मलाही कळतं. राग येईल, अबोला होईल. तेवढं मी सोसू शकते.

पाऊलखूण
मग क्रम असा ठेवा. आधी पिन बदला, कारण जुना पिन माहीत असलेला माणूस बोट पुन्हा घालू शकतो. सहा आकडी ठेवा, वाढदिवस, लग्नाचा दिवस असलं काही नको. मग तिसरं बोट काढा. मग सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडून कुठल्या ॲपला परवानगी दिलेली आहे ते बघा. पाळत ठेवणारी ॲप बहुधा तीच परवानगी मागतात, कारण तिच्यामुळे स्क्रीनवरचा मजकूर वाचता येतो. प्ले स्टोअरमधल्या प्ले प्रोटेक्टने एकदा स्कॅनही करा. हे दोन्ही स्वच्छ निघालं तर रीसेटची गरज नाही.

झोपेत आपलं बोट लावून कुणी फोन उघडेल अशी शंका असेल तर पॉवर बटणाच्या मेनूत "लॉकडाउन" हा पर्याय बघा, काही फोनमध्ये तो आधी चालू करावा लागतो. तो दाबला की पुढच्या वेळी पिनशिवाय फोन उघडत नाही, बोट चालतच नाही.

लेकाला फोन देताना ॲप पिनिंग वापरा. खेळ उघडायचा, पिन करायचा, बाहेर पडताना फोनचा पिन विचारला जाईल असं ठेवायचं. मग तो खेळ सोडून कुठेच जाऊ शकत नाही, आणि त्याच्या हातून घेऊन दुसरं कुणीही नाही.

निळी शाई
मैत्रिणीच्या चॅटसाठी व्हॉट्सॲपचं "चॅट लॉक" लावा. २०२३ पासून आहे. तो संवाद मुख्य यादीतून निघून वेगळ्या खणात जातो. त्या खणाला फोनच्या पिनपेक्षा वेगळा गुप्त कोड देता येतो आणि खणच दिसू नये असंही करता येतं. मग शोधाच्या चौकटीत कोड टाकला तरच तो उघडतो. आज हे असतं तर ते तिसरं बोट दारापर्यंत आलं असतं, आत नाही. जोडीला डिसअपिअरिंग मेसेजेस २४ तासांवर ठेवा, म्हणजे रोज बसून पुसायला नको.

अजून एक, फोनवरचं गूगल खातं तुमचं एकटीचं आहे ना? घरात एकच खातं सगळ्यांच्या उपकरणांवर असेल आणि गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल, तर तुम्ही काढलेले चॅटचे स्क्रीनशॉट घरातल्या टॅबवर दिसू शकतात. चॅटच्या बॅकअपलाही स्वतःचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावता येते. चॅट बॅकअपच्या पानावर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप शोधा. फक्त ती हरवली तर बॅकअप कंपनीलाही उघडून देता येत नाही.

धागाकर्ती
पिन बदलला. तिसरी नोंद काढली. ॲक्सेसिबिलिटीमध्ये काही नाही, स्कॅनही स्वच्छ. चॅट खणात गेलं. गूगल खातं माझं एकटीचंच आहे.

आज सकाळी "तुझा फोन उघडत नाहीये" असं ऐकलं. मी म्हटलं, "हो, मी बदललंय. काही हवं असेल तर मला विचार, मी उघडून देईन." आवाज कापत होता, पण म्हटलं. पुढे काही बोलणं झालं नाही. संध्याकाळी मैत्रिणीला पहिल्यांदाच मागेपुढे न बघता लांबलचक लिहिलं.

शेवटचं एक विचारते. ६४ अंकी किल्ली आली आहे, ती ठेवू कुठे? त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवणं बरोबर वाटत नाही.

उंबरठा
नकोच. कागदावर पेनाने लिहा, चार-चारचे गट पाडून, दोनदा पडताळून. वर काहीही नाव घालू नका. आणि तो कागद तुमच्या मैत्रिणीकडे द्या.