डीआरएल (दिवसा आपोआप लागणारा पुढचा दिवा) बंद पडला म्हणून अख्खा हेडलॅम्प बदलायचा? मला हे पटत नाही

राजेंद्रनगरकर (इंदूर)
गाडी २०१२ची जर्मन सेडान, सेकंडहँड घेतलेली, एक लाख अठरा हजार किलोमीटर झालेत. इंजिन, गिअरबॉक्स अजून लोण्यासारखं. गेल्या महिन्यात ओंकारेश्वरहून येत होतो, भेरूघाटात धो धो पाऊस, आणि सिमरोल यायच्या आत मीटरवर मेसेज आला की डावा डे-टाइम लाईट तपासा. घरी येऊन बघितलं तर डावी एलईडीची पट्टी फडफड करतेय, उजवी एकदम ठणठणीत. दोन दिवसांनी डावी पूर्ण बंद.

सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, "लेफ्ट डीआरएल ओपन सर्किट" असा कोड निघाला, आणि वीस मिनिटांत कोटेशन हातात: अख्खा डावा हेडलॅम्प, एक लाख बेचाळीस हजार, शिवाय लेबर आणि कोडिंग (गाडीच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग) वेगळं. मी विचारलं की बॉनेट उघडून मल्टीमीटर लावला का कोणी? तर म्हणे सर, स्कॅनरनं सांगितलंय ना.

मला इथेच राग आला. ओपन सर्किट म्हणजे करंट जात नाहीये एवढंच. तो कुठे अडलाय, पट्टीत, ड्रायव्हर मॉड्यूलमध्ये, कपलरच्या (वायर जोडायच्या सॉकेटच्या) पिनेत की अर्थिंगमध्ये (मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात तिथे), हे स्कॅनरला दिसत नाही. गाडीची आजची किंमतच सात-साडेसात लाख, त्यातले दीड लाख न शोधलेल्या दोषासाठी का द्यायचे? माझं म्हणणं स्पष्ट आहे, जुन्या लक्झरी गाडीत आधी दोष शोधा, दाखवा, मग पार्ट सांगा. तुम्हाला काय वाटतं?

पूर्वीचा सर्व्हिसवाला
काका, तुमचा राग समजतो पण मी अकरा वर्षं काउंटरच्या पलीकडे बसलोय तर तिकडची बाजूही ऐका. या गाड्यांचा हेडलॅम्प सीलबंद असतो. काच आणि बॉडी चिकटवलेली, आत एलईडीचा बोर्ड, लाईट गाईड, झेनॉनचा प्रोजेक्टर सगळं एकत्र. कंपनी एलईडी बोर्ड बऱ्याचदा सुटा विकतच नाही. बाहेरचा माणूस हीटगननं काच उघडतो, पट्टीला सोल्डरचा टाका मारतो, परत चिकटवतो, आणि पहिल्या पावसात आत पाणी. मग कस्टमर कोणाकडे येतो? आमच्याकडेच. असेंब्ली, म्हणजे अख्खा हेडलॅम्प, बदलली की कामाला वॉरंटी देता येते, जुगाडाला देता येत नाही.

आणि एक मनातलं सांगतो, चार-चार तास वायरिंग शोधायचं लेबर कोणी देत नाही हो. शेवटी दोष एका पिनेत निघाला तर कस्टमर म्हणतो एवढ्याशा कामाचे सहा हजार?

बंद करून टाका
मी तर म्हणतो कोडिंग करून दोन्हीकडचे डीआरएल बंदच करा, हजार-दीड हजारात विषय संपला, मेसेजही येणार नाही. भारतात कारला डीआरएल कंपल्सरी नाहीच आहे. दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून हेडलाईट कायम चालू ठेवायचा नियम आला, तो कारला नाही. युरोपात २०११ पासून नव्या मॉडेलना सक्तीचं झालं, म्हणून आपल्याकडच्या गाड्यांत ती पट्टी आली. स्वीडनमध्ये दिवसा लाईटचा नियम १९७७ पासून आहे कारण तिकडे हिवाळ्यात दुपारीच अंधारून येतं. इंदूरच्या उन्हात काय गरज आहे? तो निव्वळ दागिना आहे.

पिथमपूरला रोज जाणारी
दागिना नाही हो दादा. मी रोज सकाळी सव्वासातला राऊवरून पिथमपूरला जाते, जुलै-ऑगस्टमध्ये समोरून येणारी करडी गाडी करड्या पावसात दिसतच नाही, डीआरएल असलेली लांबून दिसते. बाईकवाला वळण घेताना आधी त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे बघतो. आणि फक्त एक डावा बंद असेल तर अजून वाईट, समोरच्याला गाडीऐवजी एकच दिवा दिसतो, बाईक असेल असं वाटून तो तेवढीच जागा सोडतो.

पण डीआरएलवर विसंबून राहणंही चूक आहे हे पण सांगते. बहुतेक गाड्यांत डीआरएल चालू असताना मागचे लाल दिवे लागत नाहीत. पुढे लख्ख उजेड बघून माणसाला वाटतं लाईट चालू आहेत, आणि मागून येणाऱ्या ट्रकला गाडी काळीच दिसते. पाऊस किंवा धुकं असेल तर स्विच फिरवून लो बीम लावायचाच.

राजेंद्रनगरकर काका, तुम्ही दुरुस्त करून घ्या, बंद नका करू. कसं करून घ्यायचं ते जाणकार सांगतील.

बारा व्होल्ट (सियागंज)
माझं कामच ऑटो इलेक्ट्रिकचं आहे म्हणून जरा लांब लिहितोय, कंटाळू नका.

आधी दोष आहे की नाही ते ठरवा. इंडिकेटर दिल्यावर त्याच बाजूचा डीआरएल मंद होतो किंवा बंद होतो, हा दोष नाही, तसंच बनवलेलं असतं म्हणजे पिवळा इंडिकेटर पांढऱ्या उजेडात हरवू नये. मोबाईलच्या व्हिडिओत फडफड दिसते आणि डोळ्यांना दिसत नाही, हाही दोष नाही. दिव्याला करंट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून दिला जातो, कॅमेरा तेवढंच पकडतो. ज्यांच्या गाडीत पट्टीऐवजी २१ वॅटचा बल्ब आहे त्यांनी हे जास्त लक्षात ठेवा, कपलरवर मीटर आठ-नऊ व्होल्ट दाखवतो आणि लोक म्हणतात वायरिंगमध्ये व्होल्टेज पडलं. पडलं नाही, मीटर सरासरी दाखवतोय.

मग बॅटरी. या गाड्यांत बॅटरी थकली की सगळे मॉड्यूल खोटं बोलायला लागतात. इंजिन बंद, रात्रभर उभी असताना १२.६च्या आसपास हवं, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. हे नसेल तर पुढचं काही तपासू नका.

आता काकांच्या गाडीबद्दल. एलईडी पट्टीत दिवे एकामागे एक जोडलेले असतात, जुन्या दिवाळीच्या माळेसारखे, एक उडाला की आख्खी ओळ जाते. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, सहा जोडल्या की १८, म्हणून मधे ड्रायव्हर मॉड्यूल लागतो जो गाडीच्या १२-१४ व्होल्टचे वाढवून ठरावीक करंट देतो. अशा बऱ्याच हेडलॅम्पमध्ये हा मॉड्यूल बाहेरून खालच्या बाजूला स्क्रूनं लावलेला असतो, काच उघडावी लागत नाही. डावा मॉड्यूल उजवीकडे लावा, उजवा डावीकडे. दोष मॉड्यूलबरोबर उजवीकडे गेला तर फक्त मॉड्यूल बदला. दोष डावीकडेच राहिला तर बहुतेक वेळा एकतर पट्टी गेली किंवा अर्थिंग, आणि हा फरक काढायला पाच मिनिटं लागतात.

मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी हेडलॅम्पच्या कपलरमधल्या अर्थच्या वायरला मागून टोचा. जर्मन गाड्यांत अर्थची वायर तपकिरी असते, आपल्या सवयीनं काळी शोधत बसू नका. लाईट चालू करून वाचा, दिवे बंद ठेवून हा रीडिंग घेतला तर काही कळत नाही. ०.१ ते ०.२ व्होल्टच्या वर गेलं म्हणजे अर्थिंग खराब. बल्बवाला टेस्ट लॅम्प वापरू नका, तो जास्त करंट ओढतो आणि मॉड्यूल उडवतो. आणि झेनॉन चालू असताना त्याच्या जाड वायरला हात नको, स्टार्ट होताना तिथे वीस हजार व्होल्टच्या वर असतात.

सर्व्हिसवाले भाऊ, तुमचं सीलचं म्हणणं खरं आहे. पण यातली एकही गोष्ट करायला सील तोडावं लागत नाही, मग न करता कोटेशन देणं बरोबर कसं?

पूर्वीचा सर्व्हिसवाला
बरोबर नाही, मान्य. पण दोष पट्टीतच निघाला तर फिरून असेंब्लीवरच याल.

एलआयजीवाला
एवढी डोकेफोड कशाला, सहाशे रुपयांची बाहेरची पट्टी चिकटवा ना बंपरला.

बारा व्होल्ट (सियागंज)
एलआयजीवाले भिया, नको. ती पट्टी थेट इग्निशनच्या वायरला जोडतात, मूळ दोष तसाच, मेसेज तसाच. आणि असल्या पट्ट्यांचा उजेड कुठल्या कोनात किती जावा याचं काहीच गणित नसतं. युरोपच्या नियमात डीआरएलची तीव्रता ४०० ते १२०० कँडेला एवढीच ठेवलीय, म्हणजे दिसावं पण डोळ्यात जाऊ नये. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करायला परवानगी नाही.

राजेंद्रनगरकर (इंदूर)
रविवारी सकाळी पोहे खाऊन लेकाला बरोबर घेतलं आणि बसलो दोघं. बारा व्होल्ट भाऊ, तुम्ही लिहिलं तसंच्या तसं केलं.

बॅटरी १२.५, चालू इंजिनवर १४.१, ठीक. मॉड्यूलची अदलाबदल केली, दोष डावीकडेच राहिला. त्या क्षणी मला वाटलं सर्व्हिसवाले भाऊ जिंकले. मग लो बीम लावून तपकिरी वायरला मीटर टोचला तर १.९ व्होल्ट! लेक म्हणाला बाबा मीटर बिघडला, म्हणून उजवीकडे लावून बघितला, तिकडे ०.०५. मग एक फ्यूज लावलेली वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं त्या अर्थच्या पिनेला नुसतं टेकवलं, आणि डावी पट्टी पूर्ण लागली. महिन्याभरानं. टेकवली की लागते, काढली की जाते. लेकानं दहा वेळा तरी करून बघितलं असेल.

अर्थचा बोल्ट फेंडरच्या आत, वॉशरच्या टाकीमागे. टाकी सरकवली तर बोल्टखालच्या चार थिंबल्यांवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या रिंगांवर) हिरवट-पांढरा गंज, एक तर बोट लावताच तुटून हातात आली. त्या बाजूला आधी टक्कर होऊन डेंटिंग-पेंटिंग झालेलं दिसतं, बोल्टच्या खाली पेंट मारलेला होता. लोखंड आणि थिंबलीच्या मधे पेंट, मग करंट जाणार कुठून. पेंट घासून पत्रा चमकवला, नवीन थिंबल्या क्रिंप केल्या, वरून ग्रीस. आता रीडिंग ०.०४. पाचशे रुपये पण नाही लागले, वायर आणि थिंबल्या धरून.

मला दुःख याचं होतं की ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी याच मेसेजवर पेन्शनमधून असेंब्ली बदलून घेतली. त्यांचा जुना हेडलॅम्प परत देखील मागितला नाही त्यांनी. तो खरंच खराब होता का हे आता कधीच कळणार नाही.

पूर्वीचा सर्व्हिसवाला
काका, मनापासून अभिनंदन. पण एक विचारतो, हेडलॅम्पच्या आत पाणी आहे का? धुकं नाही म्हणत, पातळ वाफ काचेला धरते आणि अर्धा तास लाईट लावून चालवलं की जाते, ते चालतं. तळाशी साचलेलं पाणी आहे का?

राजेंद्रनगरकर (इंदूर)
हो, आहे. खालच्या कोपऱ्यात चमचाभर. मागचं गोल झाकण काढलं तर त्याची रबरी रिंग दुमडून आत गेलेली, म्हणजे कोणीतरी बल्ब बदलताना झाकण तसंच दाबून बसवलं. रिंग सरळ केली, झाकण उघडं ठेवून दोन दिवस उन्हात गाडी उभी केली, आता कोरडा आहे.

पूर्वीचा सर्व्हिसवाला
मग माझं म्हणणं अजून आहे. ते पाणी एलईडी बोर्डपर्यंत पोचलं असेल तर टाके आतून सडायला लागलेत, आज दिसणार नाही, पुढच्या पावसाळ्यात पट्टीतला एखादा दिवा जाईल. तेव्हा अर्थिंग साफ करून काही होणार नाही.

राजेंद्रनगरकर (इंदूर)
जाऊ शकतो, नाही म्हणत नाही. तेव्हा पट्टी खरंच गेलीय हे मीटरवर बघून मी स्वतः कुर्ल्याहून यूज्ड हेडलॅम्प मागवीन, आणि तुम्ही म्हणाल तिथून बसवून घेईन. पण तो एक लाख बेचाळीस हजारांचा कागद मी ठेवलाय. उद्या त्याच सर्व्हिस सेंटरला गाडी घेऊन जातोय, तुटलेली थिंबली पिशवीत घालून. भांडायला नाही, त्या पोराला दाखवायला, ज्यानं स्कॅनर लावला होता. विशी-बाविशीचा आहे, हात चांगला आहे त्याचा.

पिथमपूरला रोज जाणारी
काका, मीटर पण न्या बरोबर. आणि काय म्हणाला ते इथे लिहा.