दाजी जमैकात शेळ्या पाळायच्या म्हणालेत, आधी गोठा की आधी कटिंग युनिट?

चिकोडीचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. आमचे दाजी मूळ निपाणीचे, जमैकात मॉन्टेगो बे शहरात एका हॉटेलच्या किचनात आहेत. तिथल्या एका दोस्ताची जमीन पडून आहे, दोघं मिळून शेळ्या पाळायच्या आणि शेजारीच छोटं कटिंग-पॅकिंग युनिट टाकायचं डोक्यात घेतलंय, कारण तिकडं लग्न असो मयत असो करी गोट (मसालेदार बोकडाचं मटण) पाहिजेच, पण मटण बरंचसं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं फ्रोझन येतंय. मला सारखा फोन, "तुमच्याकडं आज्जापासून शेळ्या, सांग की". आधी काय करावं? आणि इथनं उस्मानाबादी बोकड नेता येतील काय?

गोठा_अथणी:
बोकड न्यायचं विसरा भावा. आपल्याकडं लाळ्या-खुरकूत आहे, तिकडं नाही, कोण आत घेणार? जुन्या काळी गेली ती गेली. त्यांची जमैका होप गाय आहे बघ, तिथल्याच डॉ. लेकी नावाच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेली, जर्सीत आपल्या साहिवालचं रक्त, १९५२ ला जात म्हणून मान्यता मिळाली. दाजींनी तिथल्याच गावठी शेळ्या घ्याव्यात आणि वर बोअर (मटणासाठीची दांडगी आफ्रिकन जात) बोकड सोडावा. खुराक विकत घेऊन परवडणार नाही, मका-सोया बाहेरनंच येतोय. ऊस आहे म्हणजे वाडं मिळेल, सुबाभूळ तर रानोमाळ असतंय, फक्त नुसतं तेवढंच घालू नका, केस झडतात.

जनावरांचा_डॉक्टर:
एक महत्त्वाचं राहिलं. तिकडं स्क्रूवर्म माशी आहे, जखमेत अंडी घालते आणि अळ्या जितं मांस खातात. करडू जन्मलं की लगेच नाळेला आयोडीन, खच्चीकरण केलं, शिंग मोडलं, तारेनं ओरखडलं, रोज बघायचं. आपण जखमेवर हळद लावून सोडतो तसं तिकडं चालणार नाही. शिवाय पाऊस भरपूर म्हणजे पोटात जंत आलेच, गोठा उंच फळ्यांचा करा, लेंड्या खाली पडल्या पाहिजेत.

खाटीकगल्ली_बेळगाव:
आमचं मटणाचं दुकान आहे म्हणून बोलतो. युनिट आधी अजिबात नको. २५ किलोच्या बोकडातनं हाडासकट ११-१२ किलो मटण निघतंय, त्यात हॉटेलवाला मांडी आणि चाप तेवढी मागणार, तेही दर आठवड्याला एकसारखी. मग मुंडी, पाय, बोटी कुठं घालणार? तिकडं त्याचं सूप पितात म्हणे, मॅनिश वॉटर, आपल्या पाया-मुंडीच्या रश्श्यासारखं, म्हणजे गिऱ्हाईक आहे पण ते हॉटेलात नाही, गावात आहे. म्हणून सुरुवातीला बोकड जिवंतच विका, लग्नकार्याच्या ऑर्डरी धरा. हॉटेलसाठी लायसन असलेल्या कत्तलखान्यात कापून घ्या, इन्स्पेक्टरचा शिक्का नसेल तर मोठं हॉटेल दारात उभं करत नाही. आजूबाजूच्या शेळीवाल्यांचा माल धरून आठवड्याला ठराविक बोकड निघायला लागले की मग युनिटचं बघा, नाहीतर रिकाम्या फ्रीजरचं लाईटबिल भरत बसाल.

चिकोडीचा_पोरगा:
मामा, हे पटलं. दाजींना ताज्या मटणाला फ्रोझनपेक्षा किती जास्त मिळतंय ते विचारतो.

गोठा_अथणी:
ते विचारच, आणि राखणीला माणूस कोण तेही विचार. जमैकात जनावरं चोरीला जायचं प्रमाण लई आहे. दाजी हॉटेलात ड्युटीला आणि शेळ्या रानात, असं असेल तर आधी कुंपण आणि राखण्या, बोअर बोकड नंतर.